जंगल राखावयाचे तर आधी गवत राखावे

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर दृष्टी टाकल्यास ईशान्येकडे वर्धा आणि दक्षिणेकडे पैनगंगा ह्या दोन नद्यांनी जिल्ह्याची सीमा आखलेली दिसते. मधला बराचसा प्रदेश डोंगराळ व पठारी आहे. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस ह्या नद्यांना ह्याच डोंगरांवरून असंख्य लहानमोठे नाले येऊन मिळतात. पाऊस वर्षाकाठी साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पडतो. परंतु त्यातील बहुतेक चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या मोठ्या सरींत पडून जातो. खोऱ्यातील काळी जमीन कपाशीस उत्तम. डोंगरउतारावरील बरड जमीन मात्र वीतभर मातीची, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. ह्या वीतभर मातीवर जिल्ह्यातील बहुतेक जंगल उभे आहे.

जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम साग येतो, आणि ते साहजिकच आहे. सागाच्या जोडीस ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, बिजा, बेहडा, चारोळी, आवळा, पळस अशी झाडे ह्या रानात आढळतात. उन्हाळ्यात त्यांतील बहुतेक निष्पर्ण होतात. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले असता ह्या जंगलाचा अर्धा जीव त्याच्या तळाशी असतो. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी, तिखाडी ही गवते, पडलेला पालापाचोळा, आणि त्यांच्या आड वाढणारी हातभर उंचीची रोपटी हे सर्व मिळून रानाचा तळ होतो. झाड किती उंच आहे ह्यावरून जंगलाचा भूतकाळ कळतो. त्याचे पुढे काय होणार हे मात्र तळ पाहूनच सांगता येते. ह्या लेखात मुख्यतः ह्या तळाचाच विचार करावयाचा आहे. आपल्या जिल्ह्याचा इतिहासही त्याच्याकडेच बोट दाखवितो.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडचा जिल्हा वेगळा काढण्यात आला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका ह्या जिल्ह्यास जोडण्यात आला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. ह्याच अर्धशतकात येथील जमिनीचे रूप पालटले. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, भाव चढले आणि वऱ्हाडात जेथे म्हणून नांगर चालेल तेथे कपाशी उभी राहिली. खोऱ्यांतील रान आणि पडीत लागवडीखाली गेले. पाठोपाठ रेल्वे आली. तिला स्लीपर हवे होते, वाढत्या बाजारपेठांना इमारती लाकूड आणि जळण हवे होते. जंगल डोंगराच्या माथ्याकडे सरकले ते तेव्हापासून.

ही तोड थांबविण्यासाठी सरकारने १८८६ मध्ये वऱ्हाडाकरिता स्वतंत्र वनकायदा केला. त्यातील वर्गवारी ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी अवश्य समजून घ्यावी. जंगलाचे तीन वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्ग लाकूड व जळण ह्यांसाठी, ‘ब’ वर्ग चाऱ्यासाठी म्हणजे रमणे व बिडे, आणि ‘क’ वर्ग गुरांच्या चराईसाठी. अशा अक्षरांनी जमीन ओळखण्याची सवय वऱ्हाडात इतकी मुरली आहे की गावालगतच्या सरकारी पडीत जमिनीस आपण आजही ‘ई-क्लास’ म्हणतो. वर्गवारी करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती ही की गवत हे स्वतंत्र पीक आहे व त्याला राखण हवी. रमण्यात पावसाळ्यात गुरे घालावयाची नाहीत, गवत पिकू द्यावयाचे, मग कापावयाचे, अशी ही पद्धत होती. शेतीशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात खोट काढता येणार नाही.

खोट होती ती दुसरीकडे. गवत राखले जात होते, पण ते कोणासाठी व कोणाच्या शब्दाने, ह्याचा निर्णय गावाच्या हाती नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारावरून भारा आणला त्याच उतारासाठी परवाना काढावा लागू लागला. राखीव भागात जनावर शिरले की कोंडवाडा आणि दंड ठरलेला. गोंड, कोलाम, आंध आणि परधान ह्या समाजांचे जीवन तर रानाशीच बांधलेले होते. बंजारा तांड्यांची मदार गुरांवर होती. ह्या सर्वांना स्वतःच्या रानात चोरासारखे वावरण्याची पाळी आली. कायद्याने बरेच जंगल वाचविले हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते आपले आहे ही भावना त्याने लोकांच्या मनातून काढून घेतली, आणि ती परत आणणे हे झाड लावण्याहून कठीण काम आहे, असे ह्या लेखकास वाटते.

ही खदखद १९३० मध्ये बाहेर पडली. त्या वर्षी ६ एप्रिल रोजी महात्मा गांधींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करण्यात आले खरे. पण ह्या प्रांतातील सामान्य शेतकऱ्यास रोज बोचणारा कायदा मिठाचा नसून जंगलाचा होता. तेव्हा जंगलाचा कायदा मोडण्याचे ठरले. मूळचे वणीचे व यवतमाळ येथे वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे ह्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत परवान्यावाचून कापून सत्याग्रहास प्रारंभ केला. त्यांना अटक होऊन कारावास झाला. त्याच महिन्यात यवतमाळनजीकही सत्याग्रह झाला. पुढे महाराष्ट्राच्या इतर भागांतही जंगल सत्याग्रह पेटला. सांगलीकडे बिळाशी येथे आणि कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे लोक मोठ्या संख्येने उठले. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे बळी पडली. बापूजी अणे हे पुढे १९४८ ते १९५२ ह्या काळात बिहारचे राज्यपाल होते.

पुसदच्या ह्या प्रसंगात आपल्या कामाशी निगडित असा एक तपशील आहे. सत्याग्रहींनी सागाच्या बुंध्यावर कुऱ्हाड चालविली नाही. त्यांनी विळा घेतला आणि गवत कापले. अहिंसेच्या दृष्टीने ते योग्य होतेच. पण गावाची खरी गरज काय होती हेही त्यावरून कळते. इमारती लाकूड घर बांधताना एकदा लागते. चारा मात्र रोज सकाळी लागतो.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती कशी पालटली ते थोडक्यात सांगतो. अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात चराईच्या कित्येक जमिनी नांगराखाली आल्या. गुरांची संख्या मात्र त्या प्रमाणात घटली नाही. उरलेल्या रानावर भार वाढला. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाने वनजमीन अन्य कामाकडे वळविण्यावर मोठा आळा घातला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ग्रामीण गरीब व आदिवासी ह्यांच्या जळण-चाऱ्याच्या गरजेस अग्रक्रम दिला. १९९२ पासून राज्यात संयुक्त वनव्यवस्थापन सुरू झाले. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याचा विचार पुढे येईल. वणीकडील भागात कोळसा व चुनखडीच्या खाणींनीही जमीन घेतली. हा विषय मोठा व निराळा आहे. येथे त्यात शिरत नाही.

आता रानाचा तळ बिघडतो कसा ते पाहू. चांगले गवत गुरे आधी खातात. पवन्या, मारवेल व शेडा ही गवते कोवळी असतानाच पावसाळ्यात वरचेवर खुडली गेली की त्यांना बी धरता येत नाही, मुळांत अन्न साठविता येत नाही, आणि तीनचार वर्षांत ती विरळ होतात. त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीस एकदा कुसळे आली की ती जनावराच्या तोंडास टोचतात, म्हणून तिला फारसे कोणी विचारीत नाही. चराई तशीच चालू राहिली तर कुसळीही हटते आणि तरोटा, रानतुळस व रायमुनिया ह्यांचे राज्य सुरू होते. रायमुनियाची जाळी एकदा धरली की तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही. गावाजवळच्या उतारापासून रानाच्या आतल्या भागाकडे चालत गेल्यास ह्या पायऱ्या उलट क्रमाने दिसतात. गावास लागून तरोटा, मग कुसळी आणि आत कोठेतरी पवन्या. नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्याने आपल्या गावात ही फेरी एकदा तरी करावी. कोणत्याही अहवालापेक्षा ती अधिक शिकविते.

उघड्या पडलेल्या तळाचा दुसरा परिणाम पाण्यावर होतो. सागाचे पान मोठे असते. त्यावर पावसाचे थेंब एकत्र होऊन जाड थेंब खाली पडतो. खाली गवत व पाचोळा असेल तर तो थेंब फुटून मुरतो. तळ उघडा असेल तर तोच माती उडवितो. म्हणून सागाची दाट राई असूनही तिच्याखालून गढूळ पाणी वाहताना दिसते, आणि लोकांना आश्चर्य वाटते की झाडे असताना माती का वाहते. पुसद तालुक्याने महाराष्ट्रास वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री दिले. वसंतरावांचा १ जुलै हा जन्मदिन आपण कृषी दिन म्हणून पाळतो, आणि पाणी अडविण्याचा व जिरविण्याचा मंत्र सुधाकररावांच्या नावाशी जोडला गेला आहे. ह्या तालुक्यात व जिल्ह्यात नालाबांध पुष्कळ झाले. परंतु वरच्या उतारावर गवत नसेल तर नालाबांधात पाण्याऐवजी गाळ साठतो, आणि पायथ्याच्या शेतकऱ्याच्या कपाशीत मुरूम येऊन बसतो. पाणलोटाचे काम माथ्यापासून सुरू करावे असे आपण सांगतो, त्याचा पहिला अर्थ गवत राखणे हाच आहे.

तिसरा परिणाम झाडांच्या पुढच्या पिढीवर होतो. आपल्या जिल्ह्यातील बरीचशी झाडे तोडली तरी मरत नाहीत. सागाचे खोड तोडल्यावर त्यास जोमाने फुटवे येतात. तेंदू व पळस मुळांपासून फुटतात. सागाचे रोपटे उन्हाळ्यात किंवा आगीत वरून वाळते, पण मूळ जिवंत राहते. पावसाळ्यात ते पुन्हा फुटते, पुन्हा जळते आणि मूळ मात्र दरवर्षी जाड होत जाते. चारपाच वर्षे राखण मिळाली की हेच रोपटे एका पावसाळ्यात सरळ वर चढते. ज्या माळास आपण उजाड म्हणतो त्याच्या पोटात अशी मुळे कित्येकदा शेकड्यांनी असतात. तेथे खड्डे खोदून बाहेरची रोपे आणण्यापूर्वी ही मुळे आहेत की नाहीत हे पाहणे अगत्याचे आहे. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी ह्यांनी सुरू केलेला वनमहोत्सव आपण दरवर्षी जुलैमध्ये उत्साहाने साजरा करतो. त्या उत्साहातील थोडा भाग जुन्या खोडांची राखण करण्याकडे वळविला, तर कमी खर्चात अधिक झाडे मिळतील. अर्थात राखणीचे छायाचित्र चांगले येत नाही, ही एक अडचण आहे.

सर्वच झाडांना मात्र सागाची चिवट प्रकृती लाभलेली नाही. धावड्याचे बी फार थोडे रुजते. मोहाचे बी ताजे असतानाच उगवते; थोड्याच आठवड्यांत त्याची शक्ती जाते. फुले वेचली जातात, बियाही तेलासाठी वेचल्या जातात आणि जे काही रुजते ते आगीत सापडते. परिणामी अनेक गावांच्या शिवारात मोहाची मोठी जुनी झाडे दिसतात, पण मनगटाएवढे तरणे झाड शोधूनही सापडत नाही. ज्या झाडावर गरीब कुटुंबाचे उन्हाळ्यातील दोन महिने निघतात, त्याची पुढची पिढी जवळजवळ नाही, ही गोष्ट गंभीर आहे. जून-जुलैत पडलेल्या बियांतील मूठभर बिया त्याच आठवड्यात बांधावर व शिवाराच्या कडेस टोकाव्या, आणि पहिली तीन वर्षे त्यांना काट्यांचे आळे करावे.

आगीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे, कारण येथे शेतकऱ्याचा व रानाचा संबंध थेट येतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम असतो. आपल्या कोरड्या रानात आकाशातून आग पडत नाही. ती बहुधा माणसाच्या हातून लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो. तेंदूला नवी कोवळी पाने यावीत म्हणूनही काही ठिकाणी आग लावतात. पावसाळ्यात गवत चांगले फुटेल ह्या समजुतीनेही माळ जाळतात. शेतातील धुरा जाळताना वारा फिरून आग रानात शिरते, असेही घडते. पहिल्या पावसानंतर जळलेल्या जागी हिरवे अंकुर लवकर दिसतात हे खरे. पण तो मुळांत साठविलेल्या अन्नाचा खर्च असतो. वरचेवर जाळलेल्या माळावर चांगली गवते मागे पडून कुसळी व तिखाडी वाढतात. झाडांतही आग सोसणारा साग तेवढा टिकतो आणि बाकीचे मागे पडतात. पूर्वी मिश्र असलेले रान एकसुरी होण्यास हेही एक कारण आहे.

ह्यावर उपाय अवघड नाहीत. मोहाखालचा पाला पेटविण्याऐवजी झाडून गोळा करावा आणि खतखड्ड्यात टाकावा. जुने लुगडे किंवा जाळी पसरून फुले झेलल्यास ती स्वच्छ मिळतात व त्यांना भावही बरा येतो. तेंदूची झुडपे फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगत छाटल्यास कोवळी पाने आगीशिवायच मिळतात. गावाच्या व रानाच्या सीमेवरील किमान ३ मीटर रुंदीची जाळरेषा १५ फेब्रुवारीपूर्वी साफ करून घ्यावी. हे काम वनरक्षकाचे एकट्याचे नव्हे.

चराईचा प्रश्न आगीहून नाजूक आहे, कारण त्यात गावातील दुबळ्या माणसाच्या पोटाचा संबंध येतो. प्रथम थोडा हिशेब पाहू. ३०० किलो वजनाच्या जनावरास रोज सुमारे ७ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षास अडीच टन. गावात अशी १०० जनावरे धरली तर २५० टन झाला. मोकाट चराईच्या बरड माळावर हेक्टरी एक टन वाळलेले गवत मिळणेही कठीण. तोच माळ पावसाळ्यात बंद ठेवून गवत कापून आणले तर दोनतीन वर्षांत उत्पन्न दुपटीवर जाऊ शकते. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतरच्या दशकात गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारून गवत विळ्याने कापून नेण्याची पद्धत पाडली, आणि तिचा परिणाम गावच्या दूधव्यवसायावर दिसला.

तथापि एकदम सर्व रान बंद करू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. त्याचा पहिला फटका भूमिहीन शेळीपालकास आणि कोलाम पोडावरील कुटुंबांस बसतो. ज्याच्या घरी सोयाबीनचे व तुरीचे कुटार आहे, कडब्याची गंजी आहे, त्यास बंदीची झळ लागत नाही. तोच सभेत मोठ्याने बंदीच्या बाजूने बोलतो. म्हणून रानाचे तीन किंवा चार भाग पाडावे व एका वेळी एकच भाग बंद ठेवावा. फुटवे जनावराच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत, म्हणजे साधारण पाच वर्षे, तो भाग उघडू नये. आणि त्या भागातील गवत कापण्याचा पहिला हक्क, शक्य तर विनामूल्य, ज्यांना जमीन नाही त्यांना द्यावा. असे केल्यास बंदी मोडण्याऐवजी ते स्वतः राखण करतील. गावच्या गायकीस ह्या चर्चेत सुरुवातीपासून बसवावे. कोणता भाग कधी हिरवा होतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

कापणीची वेळ महत्त्वाची आहे. कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, कापावे. पवन्या व मारवेल फुलोऱ्यावर असताना कापल्यास त्यांतील पोषक अंश टिकतो. दिवाळीनंतर पिवळे पडलेले गवत कापणे म्हणजे काड्या गोळा करणे होय. मात्र चांगल्या गवताचा एक पट्टा दरवर्षी बी पडण्यासाठी तसाच उभा सोडावा, आणि तो पट्टा दरवर्षी बदलावा.

जळणाच्या बाबतीत आपल्या कापूसपट्ट्यात एक नवीनच पेच आहे. पऱ्हाटी हे येथील घराघरातले जळण. परंतु २०१७ च्या हंगामातील गुलाबी बोंडअळीच्या उद्रेकानंतर पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, तिचे ढीग घरालगत रचू नयेत, यंत्राने कुट्टी करून जमिनीत मिसळावी असे आपण सांगत आलो आहोत. तो सल्ला बरोबर आहे. पण ज्याची पऱ्हाटी गेली त्याची चूल कशावर पेटणार, हेही आपणच पाहिले पाहिजे. नाही तर बोंडअळीचा उपाय जंगलावर शेकेल. तुराटी जपून ठेवणे, धुऱ्यावर जळणासाठी झाडे लावणे आणि ज्यांच्याकडे दोनतीन जनावरे आहेत त्यांना गोबरगॅस करून देणे हे मार्ग पऱ्हाटीच्या कुट्टीबरोबरच गावात न्यावेत.

वन्यप्राण्यांचा उपद्रव हा आज रानाकाठच्या शेतकऱ्याचा सर्वांत मोठा गाऱ्हाण्याचा विषय आहे, व ते गाऱ्हाणे खरे आहे. रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत तूर, हरभरा व कपाशीची वाट लावतात. रानाच्या तळाशी चारा उरला नाही की ते पिकात येणारच. केळापूर व घाटंजी तालुक्यांतील टिपेश्वरचे रान १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र १४८ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. तेथील वाघांची संख्या वाढली आणि ते बाहेर पडू लागले. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांच्या मृत्यूशी जिचा संबंध जोडला गेला, ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून ठार करण्यात आली. त्या दोन वर्षांत रानाकाठी शेतात जाणे व गुरे चारणे कसे झाले होते हे तिकडील लोकांना सांगावयास नको. गवत कापण्यास जाताना तीनचार जणांनी मिळून जावे, पहाटे व सांजवेळी जाऊ नये, वाकून काम करताना एकाने उभे राहून लक्ष ठेवावे. जनावरे गोठ्यात बांधून चारा आणून घातल्यास रानात घालवावयाचे दिवसही कमी होतात.

टिपेश्वरच्याच एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ मध्ये संशोधकांनी पट्टा बसविला होता. तो त्या वर्षी जूनमध्ये निघाला आणि तेलंगणातील रानांतूनही फिरत, १३०० किलोमीटरांहून अधिक मजल मारून डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्यास आसरा मिळाला तो कपाशीच्या शेतांचा, नाल्याकाठच्या झुडपांचा आणि गावोगावच्या लहानशा रानतुकड्यांचा. आपल्या गावचा पन्नास हेक्टरांचा तुकडा कोणाच्या खिजगणतीत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात घ्यावी.

आता वनहक्क कायद्याविषयी. ह्या कायद्यानुसार परंपरेने वापरात असलेल्या वनक्षेत्राचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क ग्रामसभेस मिळू शकतो. त्यासाठी ग्रामसभेने दावा करावयाचा, सीमा दाखवावयाच्या आणि हक्क मिळाल्यावर आपली समिती नेमून नियम करावयाचे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ह्या गावास असा हक्क २००९ मध्ये मिळाला. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर ह्या गावाने आपले उजाड झालेले रान राखून तेथील सीताफळांची विक्री सुरू केली; २०१४ मध्ये जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार त्यास मिळाला. आपल्या जिल्ह्यातील मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी ह्या बाजूची कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे तेंदू, मोह ह्यांसारख्या गौण वनोपजावरील ग्रामसभेचा अधिकार अधिक व्यापक आहे. दाव्याचे कागद तयार करताना लोक लाकडाचा व शेतजमिनीचा उल्लेख आठवणीने करतात आणि गवताचा विसरतात. कार्यकर्त्याने तेवढे पाहावे. चराईच्या वाटा, गवत कापण्याच्या जागा, पाणवठे ह्यांची नोंद वडीलधाऱ्यांस बरोबर नेऊन करावी. कोणत्या उतारावर पूर्वी बीड होते हे त्यांना अजून आठवते.

ग्रामसभेत हा विषय मांडण्यापूर्वी ह्या पावसाळ्यात एक साधे प्रात्यक्षिक करावे. गावालगतच्या माळावर, जेथे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडेल अशा ठिकाणी, संबंधित खात्याची संमती घेऊन एक गुंठा जागा काटेरी फांद्यांनी बंद करावी. आत काहीही पेरू नये, लावू नये. सप्टेंबर संपत आला की आतील गवत कापून वाळवावे आणि वजन करावे. बाहेरच्या तेवढ्याच जागेतील गवतही त्याच दिवशी कापून तसेच वजन करावे. किलोतील आकड्यास शंभराने गुणले की हेक्टरी उत्पन्न साधारणतः निघते. आत जुन्या खोडांना व मुळांना किती फुटवे आले तेही मोजून लिहावे. दोन्ही भारे ग्रामसभेच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवावेत, आणि काटा तेथेच असू द्यावा, म्हणजे ज्यास शंका असेल त्यास पुन्हा वजन करून पाहता येईल.